तुलनेसाठी ठेवलेली इमारत

आमच्या वसाहतीत अ आणि ब अशा दोन इमारती आहेत. दोन्ही सहा मजली, दोन्हींचा रंग एकाच डब्यातला, आणि दोन्हींच्या लिफ्ट एकाच सोमवारी बंद पडल्या. गृहनिर्माण खात्याचे अभियंता मंगळवारी सकाळी दोन्ही लिफ्टचे सुटे भाग घेऊन हजर झाले. इथवर सगळं ठीक होतं. किंबहुना इतकं ठीक होतं की कुठेतरी पाणी मुरतंय, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

मी ब इमारतीत, सहाव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मुद्रणालयात मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेला मजकूर मी तपासतो. तो खरा आहे का हे नव्हे, त्यातल्या वेलांट्या जागेवर आहेत का हे. आमच्या दारासमोर मावशी राहतात. नात्याने त्या माझ्या कुणी नाहीत, पण सगळी इमारतच त्यांना मावशी म्हणते. खऱ्याखुऱ्या मावशी त्या एकाच माणसाच्या, त्यांच्या गेलेल्या बहिणीच्या मुलाच्या. शिवणयंत्र चालवून त्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं, आणि तो इतका शिकला की थांबायचं नाव घेईना. अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण या विषयात तो डॉक्टरेटसाठी संशोधन करत होता. इमारतीत सगळे त्याला 'विद्वान' म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, पुढे सवयीने.

विद्वानाची अडचण एवढीच होती की त्याच्याकडे पद्धत होती, मार्गदर्शक होत्या, संदर्भांची लांबलचक सूची होती. फक्त विषय नव्हता. मध्यंतरी त्याने 'बसथांब्यावर छप्पर असावे काय' या प्रश्नावर काम सुरू केलं होतं, पण निष्कर्ष निघायच्या आत कुणीतरी अविचाराने छप्पर घालून टाकलं. त्या धक्क्यातून तो अजून सावरला नव्हता. अशा मनःस्थितीत तो मंगळवारी जिना उतरत असताना त्याला तळमजल्यावर अभियंता दिसले. त्यांनी नुकतीच हत्यारांची पेटी उघडली होती.

"थांबा!" तो असा ओरडला की अभियंत्यांच्या हातून पाना पडला. "दोन्ही दुरुस्त करू नका!"

"का? वीज बंद केलीय मी."

"तसं नाही हो. दोन सारख्या इमारती, सारखी माणसं, एकाच दिवशी बंद पडलेल्या लिफ्ट! असा योग आयुष्यात एकदा येतो. एक दुरुस्त करा. एक राहू द्या."

अभ्यासाचा ताण डोक्यात गेलाय, असं अभियंत्यांना वाटलं. तोवर विद्वानाने मार्गदर्शक मॅडमना फोन लावून आवाज मोठा केला होता. मॅडम गरिबीच्या मोठ्या अभ्यासक. त्यासाठी त्या बहुतेक वेळ विमानात असत.

"दोन्ही लिफ्ट दुरुस्त केल्यात," त्यांनी अभियंत्यांना विचारलं, "तर लिफ्टचा उपयोग होतो हे सिद्ध कसं करणार?"

"लोक वर जातात की, मॅडम."

"हे तुमचं मत झालं."

"मत कसलं? रोज बघतो मी. आत शिरतात, वर जातात."

"लिफ्ट नसती तरी वर गेलेच असते ना? घर वर आहे म्हटल्यावर जाणार कुठे? मग लिफ्टचा असा परिणाम कोणता?"

अभियंत्यांनी पडलेला पाना उचलून पुसला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. अर्थशास्त्रात मात्र आधी आरसा लागतो, मग काकण, आणि मग काकण नसलेला दुसरा हात, तुलनेसाठी. शिवाय एक लिफ्ट कमी दुरुस्त करावी लागणार, हा मुद्दा अभियंत्यांना कुठल्याही सिद्धांताशिवाय कळला. त्यांनी वरिष्ठांना कळवलं, आणि वरिष्ठांनी जेवणाच्या सुट्टीआधी 'पुराव्यावर आधारित दुरुस्ती धोरण' जाहीर करून टाकलं. लिफ्टच्या तक्रारीला खात्याने इतक्या तत्परतेने उत्तर दिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

कोणती इमारत दुरुस्त करायची हे माणसाने ठरवायचं नाही, असा शास्त्राचा दंडक आहे, कारण माणूस पक्षपात करतो. तेव्हा नाणं उडवायचं ठरलं. नाणं कुणाकडेच नव्हतं. सगळ्यांचे पैसे फोनमध्ये. मावशी वरच्या कठड्यावरून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी आपल्या शिवणाच्या डब्यातलं कोटाचं एक मोठं बटण जिन्याच्या पोकळीतून खाली टाकलं. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत. चकचकीत वर आली तर अ, खरखरीत आली तर ब. बटण उडालं, अभियंत्यांच्या बुटावर आपटलं आणि चकचकीत बाजू वर करून पडलं.

म्हणजे आम्ही तुलना गट झालो.

"मिळाली का रे आपल्याला?" मावशींनी वरून विचारलं.

"नाही, मावशी. त्यांना मिळाली."

"असू दे. तुला विषय मिळाला ना? मग झालं तर. चार दिवस जिने चढू."

हे बोलणाऱ्या बाईचे गुडघे शिवणयंत्राच्या पायट्यावर झिजलेले होते. दिवसभर घरात बसून काम करायचं आणि संध्याकाळी लिफ्टने खाली येऊन अंगणातल्या बाकावर अ इमारतीतल्या निवृत्त नर्सबाईंशी गप्पा मारायच्या, एवढंच त्यांचं बाहेरचं जग. दोघी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांची आणि तब्येतीची चिकित्सा करत. त्या दिवसापासून बाकावर नर्सबाई एकट्या दिसू लागल्या.

संशोधनाला विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. समिती कडक होती. ब इमारतीतल्या रहिवाशांना या संशोधनामुळे अपाय होईल काय, असा थेट प्रश्न तिने विचारला. विद्वानाने उत्तर दिलं की अ इमारतीसाठी काहीतरी केलं जाणार आहे, ब इमारतीसाठी काहीही केलं जाणार नाही. आणि ज्यांच्यासाठी काहीच केलं नाही त्यांना अपाय होणार कुठून? समितीला हे पटलं. उलट काळजी त्यांनी अ इमारतीचीच केली. लिफ्टची सवय लागून त्या लोकांचं पुढे काही वाईट झालं तर जबाबदार कोण, असं विचारून त्यांच्यासाठी एक समुपदेशक नेमायला लावला.

मग पाहणी सुरू झाली. विद्यापीठातले तरुण-तरुणी हातात फोन घेऊन दारोदार फिरू लागले. लिफ्टला ते लिफ्ट म्हणत नसत, 'उभ्या गतिशीलतेची सुविधा' म्हणत. प्रश्न पुष्कळ होते, पण खरा प्रश्न शेवटचा: एक ते दहा या पट्टीवर तुम्ही आपल्या राहणीमानाबद्दल किती समाधानी आहात?

आमच्या घरी आलेली मुलगी सहा मजले चढून आली होती. तिला धड बोलता येत नव्हतं.

"शून्य," आमची ही म्हणाली.

"शून्य नाहीये, काकू. पट्टी एकपासून सुरू होते."

"म्हणजे एवढं तरी समाधान सक्तीचंच आहे म्हणा की!"

मी सात सांगितले. मधलंच काहीतरी सांगितलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, हा माझा अनुभव आहे. मग ती मुलगी समोर मावशींकडे गेली. मावशींनी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, तिच्या बाहीचा उसवलेला काठ बघून जागच्या जागी दोन टाके घालून दिले आणि सांगितलं, "दहा."

ती गेल्यावर ही उसळली. "मावशी, दहा? कशाचे दहा? तुम्ही लिफ्ट बंद पडल्यापासून खाली उतरला नाहीत."

"अगं, ती पोर चढून चढून लाल झाली होती. तिच्या तोंडावर वाईट काय बोलायचं? आणि काम कुणाचं आहे? आपल्या राजाचं. त्याच्या कामात आपणच कमी मार्क द्यायचे?"

राजा म्हणजे विद्वान. हे कानोकानी इमारतभर पसरलं. पोराने नाव काढलंय, त्याच्या परीक्षेत आपल्यामुळे खोट नको, असं म्हणत पाचव्या मजल्याने नऊ दिले, चौथ्याने दहा. अ इमारतीत उलटंच झालं. त्यांना लिफ्ट होती, त्यामुळे त्यांना लिफ्टबद्दल तक्रारीही होत्या. ती हळू जाते, तिच्यात आरसा नाही, दिवा डोळ्यांवर येतो, तिसऱ्या मजल्यावरचे लोक उगाच थांबवून ठेवतात. त्यांनी चार-पाचाच्या वर आकडा जाऊ दिला नाही.

चार दिवस जिने चढू असं मावशी म्हणाल्या होत्या. चार महिने झाले. बाकाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना, आणि त्यांना एक युक्ती सुचली. दोन्ही इमारतींच्या गच्च्या एका लहानशा पुलाने जोडलेल्या आहेत. सहा मजले उतरण्याऐवजी एक मजला चढायचं, पुलावरून अ इमारतीच्या गच्चीवर जायचं आणि त्यांच्या लिफ्टने खाली. पहिल्याच संध्याकाळी त्या बाकावर पोचल्या तेव्हा नर्सबाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या. आठवडाभर दोघींचं छान चाललं. मग विद्वानाने आपल्या खोलीच्या खिडकीतून खाली पाहिलं.

तो धावत उतरला. मी कामावरून परतत होतो, त्यामुळे पुढचं माझ्यासमोरच झालं.

"मावशी, तू इथे कशी?"

"अशी," त्यांनी गच्चीकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, शाबासकी मिळेल.

"अगं, असं करता येत नाही! तू तुलना गटात आहेस. तू त्यांची लिफ्ट वापरलीस तर दोन्ही गटांत फरक काय राहिला? अशाने माझा सगळा अभ्यास नासेल."

"मी फक्त खाली आले रे, राजा."

"तेच तर चालत नाही!"

नर्सबाई म्हणाल्या, "मेल्या, तुझ्या मावशीचे गुडघे बघ आधी." विद्वानाने मान खाली घातली. त्याला मावशीवर माया नव्हती असं नाही. त्या दिवशी तो त्यांचा दंड धरून, दर मजल्यावर थांबत, त्यांना ब इमारतीच्या जिन्याने वर घेऊन गेला. लिफ्ट अ इमारतीत रिकामी उभी होती. मला त्याचा इतका राग आला की मी जिन्यात एक शब्द बोललो नाही, आणि त्याला वाटलं मी दमलो आहे. दुसऱ्या दिवशी पुलाला कुलूप लागलं. कुलपावर पाटी होती: 'निष्कर्ष गळू नयेत म्हणून.'

मग आम्ही रहिवाशांनी हातपाय हलवले. खात्याचं राहू द्या, बाहेरचा कारागीर बोलावून आपणच लिफ्ट दुरुस्त करून घेऊ, असं ठरवलं. कारागीर आला, त्याने झाकण उघडलं, आणि झाकण उघडं असतानाच अभियंता, विद्वान आणि पोलीस असे तिघे आत आले. 'तुलना गटास अनधिकृतरीत्या सुख पुरवणे' असा आमचा गुन्हा होता. आम्हाला समज देऊन सोडण्यात आलं आणि लिफ्टवर सूचना लागली: 'सदर लिफ्ट बंद अवस्थेत सुस्थितीत आहे. कृपया हात लावू नये.'

खातं एवढ्यावर थांबलं नाही. लिफ्ट बंदच राहते ना हे पाहायला एक पहारेकरी नेमला. पहारेकऱ्यावर लक्ष ठेवायला एक पर्यवेक्षक. लिफ्टची नियमित तपासणी सुरू झाली. ती चालू होती तेव्हा तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. आता अभियंता येत, बटण दाबत, काही हललं नाही की समाधानाने मान डोलावत आणि सही करून जात.

एवढा बंदोबस्त असूनही एका दुपारी लिफ्ट आपणहून चालू झाली. जुन्या यंत्राला काय वाटलं कोण जाणे. पहारेकरी डुलकी घेत होता. सहाव्या मजल्यावर येऊन तिने दार उघडलं तेव्हा मावशी गॅलरीत झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी तांब्या ठेवला, केस सारखे केले, चांगली साडी नेसल्या आणि आत शिरल्या. आमच्या हिला म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस ग. जाऊन येते."

तास-दीड तास दोघी मैत्रिणी बाकावर बसल्या. गच्चीच्या कुलपापासून तुंबलेलं सगळं बोलून झालं. तेवढ्यात खात्याची गाडी आली. 'ब इमारतीच्या लिफ्टमध्ये गंभीर बिघाड झाला असून ती चालत आहे,' असा संदेश गेला होता. अभियंत्यांनी तातडीने बिघाड काढला आणि लिफ्ट पूर्ववत बंद केली. मावशी खाली, घर वर.

आम्ही त्यांना खुर्चीत बसवून न्यायचं ठरवलं. मी, पहारेकरी आणि चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा हात सुटला, खुर्ची कलंडली आणि मावशींचा आधीच अधू असलेला गुडघा कठड्यावर आपटला. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता मी पुन्हा नाही बाई उतरायची. मी काय कपाट आहे?" त्या खरंच पुन्हा उतरल्या नाहीत. ती दुपार विद्वानाने आपल्या माहितीतून वगळली. 'अपवादात्मक नोंद,' असं तिला म्हणतात.

यथाकाल निष्कर्ष आले, आणि ते पाहून मॅडम विमानातून उतरल्या. लिफ्ट असलेली इमारत असमाधानी. नसलेली अत्यंत समाधानी. ब इमारतीतले लोक चढून चढून सडपातळ झाले होते. एकमेकांच्या पिशव्या उचलू लागल्याने त्यांच्यात 'सामाजिक भांडवल' साठलं होतं. आणि सगळ्यात सुंदर आकडा बाहेर पडण्याचा होता: वरच्या मजल्यांवरच्या वयस्कर रहिवाशांना बाहेर जाण्याची गरजच उरली नव्हती. त्यांच्यापैकी काही तर अजिबात जात नव्हते.

निष्कर्षांवरची बैठक मावशींच्याच घरी, विद्वानाच्या खोलीत झाली, म्हणजे मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर होत्या आणि आम्ही दोघे खोलीत. प्रबंधाच्या वेलांट्या तपासायला मला बोलावलं होतं.

"अद्भुत!" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना वाटतं लिफ्ट चांगली. आपण दाखवलं की नाही. उलटं निघाल्याशिवाय हल्ली कुणी छापत नाही, कळलं का?"

विद्वान चुळबुळत होता. पलीकडच्या खोलीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. ते आता हाताने फिरवलं जात होतं. "पण मॅडम, माझी मावशी... म्हणजे ती उतरत नाही ते समाधानाने नाही. तिला उतरता येत नाही."

"तिने समाधान किती सांगितलंय?"

"दहा."

"मग? तू तिच्यापेक्षा तिला जास्त ओळखतोस का? लोकांच्या वतीने आपण दुःखी व्हायचं नाही. हा उद्धटपणा आहे. आणि एक मावशी म्हणजे काही पुरावा नव्हे."

विद्वानाने माझ्याकडे पाहिलं. मी वेलांटीकडे पाहिलं. ती दीर्घ हवी होती, मी करून दिली.

तोंडी परीक्षा विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत बाराव्या मजल्यावर झाली. तिथे चार लिफ्ट आहेत आणि चारही चालतात. परीक्षकांनी पाच मिनिटं उशिराबद्दल माफी मागितली, कारण लिफ्टला गर्दी होती. प्रबंधाची एकमताने शिफारस झाली. खात्याने तर तो निकालाआधीच स्वीकारला होता. अ इमारतीची लिफ्ट 'रहिवाशांच्या हितार्थ' बंद करण्यात आली आणि नर्सबाई पाचव्या मजल्यावर अडकल्या. आता दोघी आपापल्या गॅलरीत उभ्या राहून एकमेकींना हात करतात. बाक रिकामा आहे. तो कुणी वापरत नाही असं आढळल्याने तोही काढायचं घाटतंय.

राहिला पदवीदानाचा दिवस. त्यासाठी लागणारा झगा मावशींनी स्वतः शिवला. पायटा चालवता येत नव्हता, म्हणून चाक हाताने फिरवत शिवला. गळ्याशी त्यांनी ते कोटाचं मोठं बटण लावलं, चकचकीत बाजू बाहेर करून. अंगावर चढवून त्यांनी विद्वानाला गोल फिरवलं, खांदे नीट केले आणि मग अगदी सहज विचारलं, "राजा, त्या एका दिवसापुरती लिफ्ट चालू करतील का रे? तुला स्टेजवर बघायचं होतं."

विद्वान त्याच पावली खात्यात गेला. मीही गेलो, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो काहीतरी सिद्ध करायला नव्हे, मागायला चालला होता. अभियंत्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला. त्यांच्या टेबलावर प्रबंधाची बांधीव प्रत होती, जागोजागी खुणा घातलेली.

"एकच दिवस, साहेब. तीन तास."

"माझ्या हातात असतं तर आत्ता केली असती," अभियंता म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण मी कारण काय दाखवू? वयस्कर रहिवाशांना उतरण्याची गरज नाही, असं यात सप्रमाण सिद्ध झालंय. इथे बघा. कुणी लिहिलंय बघा."

"ते मीच लिहिलंय."

"मग तुम्हीच सांगा, चुकीचं आहे का?"

विद्वानाने ते पान आपल्याकडे ओढलं. चुकीचं आहे म्हणावं तर पदवी जाते. बरोबर आहे म्हणावं तर मावशी राहते वर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी तो म्हणाला, "आकडे बरोबर आहेत," आणि चहा न घेता उठला.

पदवीदानाच्या दिवशी तो झगा घालून निघाला तेव्हा मावशी गॅलरीत उभ्या होत्या. समोरच्या गॅलरीतून नर्सबाईंनी दोन्ही हात हलवले. त्याने अंगणातून मान वर करून पाहिलं, ती बराच वेळ खाली केली नाही, आणि गेटवर आपटला. समारंभ झाला. टाळ्या झाल्या. आम्ही दोघांनी मिळून मावशींच्या वाटणीच्याही वाजवल्या.

संध्याकाळी तो पदवी घेऊन सहा मजले चढून आला. दाराशी पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. मावशींनी त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, पदवीवरून हात फिरवला. "काय लिहिलंय यावर?" त्यांनी विचारलं. तो दम खात वाचायला लागणार तोच दारावर टकटक झाली. विद्यापीठातला एक मुलगा उभा होता, घामाघूम, हातात फोन. लिफ्ट नसण्याच्या दीर्घकालीन परिणामांचा पुढचा अभ्यास सुरू झाला होता. शेवटी त्याने तोच प्रश्न विचारला. एक ते दहा.

विद्वान उठून मावशींच्या समोर गुडघ्यावर बसला. झग्यासकट. "मावशी, माझं काम झालंय आता. माझ्यासाठी काही सांगू नकोस. खरं काय ते सांग."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. मग दारातल्या मुलाकडे, ज्याच्या शर्टाचं वरचं बटण लोंबत होतं. "ये, आत बस आधी," त्या त्याला म्हणाल्या. "तुझीही मावशी असेल ना रे कुणी घरी? लिही बाबा. दहा."

त्या अभ्यासाचे निष्कर्ष आले आहेत आणि धोरण आता शहरभर लागू होणार आहे. फक्त लिफ्टला नव्हे. नळ, दवाखाने, रस्त्यावरचे दिवे, ज्या ज्या गोष्टीबद्दल लोकांना विचारून झालंय त्या सगळ्यांना. तुम्ही आमच्या मावशींना हसला असाल. हसा. पण परवा तुमच्याही दारात कुणीतरी दमून आलं होतं, किंवा काउंटरपलीकडच्या मुलीने फोन पुढे करून म्हटलं होतं, सेवा कशी वाटली, जरा दाबून द्या ना. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि हसरा चेहरा दाबून मोकळे झालात. खात्याने आमच्या इमारतीनंतर ज्या इमारतींची नावं काढली आहेत, ती त्याच उत्तरांवरून काढली आहेत. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?